साखळी मामीकडे

जव्हारच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा मी देवाकडे एकच मागितलं होतं, एक शांत खोली. सांगलीला आमच्या घराखाली बँजो पार्टीची तालीम चालायची आणि लग्नसराई आली की आमचं घरातलं बोलणं खाणाखुणांवर यायचं. त्यामुळे जव्हारला खोली बघताना पाणी, संडास, किल्ली हे सगळं मी नंतर विचारलं. आधी विचारलं, इथं आवाज वगैरे नाही ना? घरमालकांनी टोपी मागे सारली, नीट विचार केला आणि म्हणाले, "कसला आवाज, बाय? इथं दुपारचं कुत्रंबी भुंकत नाय."

ते खोटं बोलले नव्हते, हे मला पुढे कळलं. जो आवाज ते स्वतः करत, तो त्यांच्या लेखी आवाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि खालून कुणीतरी मोटारसायकल घेऊन जिना चढत असल्यासारखा आवाज सुरू झाला. फळीवरच्या ताटल्या थरथरल्या, दुधाच्या पिशवीला घाम फुटला की मला, ते सांगता येत नाही. केस तसेच मोकळे, हातात कंगवा, अशी मी तावातावानं खाली गेले. घराच्या मागे पत्र्याची एक लांब शेड होती. आत खाकी हाफपँट आणि गंजीफ्रॉक घातलेले आमचे घरमालक उभे. पुढ्यात लाकडी टेबलाला आवळून बसवलेलं एक लालसर, ओबडधोबड यंत्र, आणि त्याच टेबलावर काठोकाठ पाणी भरलेला पितळी पेला. यंत्र बोंबलत होतं आणि हा गृहस्थ पेल्यातल्या पाण्याकडे टक लावून बघत होता. मी ओरडून काय ते सांगितलं. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला, मान डोलावली, गोड हसले आणि पुन्हा पेल्यात बघू लागले.

त्यांचा डावा कान पार गेलेला होता. उजव्यानं मात्र जवळचं बोलणं नीट ऐकू येई. तक्रार ते डाव्या कानानं ऐकत आणि जेवायची हाक उजव्या. हे शिकायला मला फार दिवस लागले नाहीत.

सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही मामाच म्हणू लागले. ते मूळचे जामसरचे. तरुणपणी लाकडाच्या ठेकेदाराकडे झाडं कापायचं काम करत, पुढे मोटारींच्या गॅरेजमध्ये हात काळे केले आणि म्हातारपणी हा उद्योग धरला. उद्योग कसला, व्यसनच. झाडं कापायची जुनी पेट्रोलवरची यंत्रं ते गोळा करत आणि पुन्हा चालती करत. शहरात त्यांना चेनसॉ म्हणतात, जव्हारच्या बाजारात नुसतं कटर. मागे इंजिन, पुढे लांब चपटं पातं आणि पात्याभोवती गरागरा फिरणारी दातेरी साखळी. आता मिळतात ती हलकी, प्लॅस्टिकची. मामांच्या शेडमधली सगळी जुन्या काळची, लोखंडी, उचलली तर कमरेत उसण भरावी अशी. कुठलं भिवंडीच्या भंगारातलं, कुठलं नाशिकच्या वखारीतलं, एक तर कुणाच्या तरी फार्महाऊसवर कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलेलं मिळालं होतं.

या यंत्रांना त्यांनी नावं दिली होती. नव्या सुनेला जशी माहेरच्या गावावरून हाक मारतात तशी. भिवंडीकरीण, नाशिककरीण, खुराड्यातून आली म्हणून खुराडकरीण. "नाशिककरीण आज रुसलीय," असं ते सकाळी जाहीर करत आणि मग तिच्या रुसव्याचं कारण शोधण्यात दुपार जाई. एकीचं कार्ब्युरेटर, एकीच्या आत वाळवीसारखं साचलेलं जुनं तेल. भाग कुठलेच बाजारात मिळत नसत. मग मोपेडची रिंग घासून घासून बसव, जाड पुठ्ठा तेलात भिजवून त्याचं पॅकिंग कर, विहिरीच्या पोहऱ्याची दोरी चालू करायच्या दोरीच्या जागी लाव, असं चाले. रंग मात्र ते कधी देत नसत. मी एकदा म्हटलं, एक हात मारा की लाल रंगाचा, किती छान दिसेल. ते दुखावल्यासारखे झाले. "म्हातारीला पावडर कशाला फासायची? तिनं पावसाळं काढलंय, ते दिसू दे," म्हणाले.

कान अधू झाल्यापासून इंजिनचा सूर त्यांना पहिल्यासारखा कळत नसे. त्यासाठी तो पेला होता. इंजिन अडखळत असेल तर पेल्यातलं पाणी उडायचं, नीट चालायला लागलं की पाण्यावर बारीक, एकसारखी वर्तुळं उमटायची. ती वर्तुळं उमटली की मामा ते पाणी पिऊन टाकत. ते का पितात हे मी विचारलं तेव्हा म्हणाले, तहान लागते म्हणून. त्यांच्याकडून गूढ उत्तराची अपेक्षा करणाऱ्याची अशी फजिती व्हायची.

महिनाभर मी धुमसले आणि मग एका सकाळी शेड गप्प राहिली तेव्हा चहाला चवच लागली नाही. तेव्हापासून मी कंगवा वर ठेवून आणि चहाचा कप घेऊन खाली जाऊ लागले.

शेडमध्ये बसून बसून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. इतकी यंत्रं, सगळी पुसलेली, तेल दिलेली, पाती चकचकीत, पण एकाही पात्यावर साखळी नाही. म्हणजे इंजिन कितीही गर्जलं तरी त्यानं काकडीसुद्धा कापली गेली नसती. मी विचारलं तर मामा पाना फिरवत म्हणाले, "साखळी मामीकडं."

मामी म्हणजे त्यांची बायको. मोखाड्याकडच्या पोशेऱ्याची. उंच, हडकुळी, फार हळू बोलणारी बाई. इतकी हळू की तिचं बोलणं ऐकायला पुढे झुकावं लागे. मामांना ती अरेतुरे करायची, तिकडच्या पद्धतीनं, आणि मामा तिला दबून असत हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. साखळ्या खरंच तिच्याकडे होत्या. तिच्या खाटेखाली एक मोठा पत्र्याचा डबा होता आणि त्यात मोहाच्या बियांच्या तेलात सगळ्या साखळ्या बुडवून ठेवलेल्या. गंज चढू नये म्हणून ते तेल ती स्वतः गाळून घालायची. म्हणजे सांभाळायची अगदी जिवापाड, फक्त द्यायची नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावायची, झेंडूचं एकेक फूल ठेवायची आणि प्रत्येकीपुढे तिची साखळी मांडायची. संध्याकाळ झाली की साखळ्या पुन्हा डब्यात. त्या दिवशी मामा शाळेत बक्षीस मिळायची वाट बघणाऱ्या पोरासारखे आंघोळ करून, टोपी बदलून बसलेले असत.

एकदा मुंबईहून एक साहेब मोठ्या गाडीतून आले. त्यांनाही जुन्या यंत्रांचा नाद. मामांची शेड बघून ते अक्षरशः खुळावले. मग म्हणाले, ही एखाद्या ओंडक्यावर चालवून दाखवा. मामांनी भिवंडीकरीण सुरू केली, वर्तुळं दाखवली, पाणी प्यायले. साहेब म्हणाले, साखळी लावा ना. मामांनी घराकडे बोट केलं. साहेब मामीकडे गेले आणि बऱ्याच वेळानं हातात नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी घेऊन परत आले. साखळीबद्दल काय झालं ते त्यांनाही नीट सांगता येईना. जाताना त्यांनी सगळी यंत्रं विकत मागितली. मामांनी एवढंच विचारलं की तुमच्याकडं ह्या चालू राहतील का. साहेब म्हणाले, काचेच्या कपाटात अगदी सुरक्षित राहतील. मामांनी डावा कान पुढे केला.

ही यंत्रं का जमवता, या प्रश्नाला त्यांनी मला निरनिराळ्या वेळी निरनिराळी उत्तरं दिली. हौस. हाताला चाळा. जंगलात फिरण्यापेक्षा माझ्या शेडमध्ये बरी. भंगारात चिरडल्या जातात ते बघवत नाही. मला वाटतं सगळीच खरी असावीत. मामीचं उत्तर मात्र एकच होतं. "थोरलीला एकटं वाटू नये म्हणून," ती म्हणायची आणि तांदळातले खडे वेचत राहायची.

थोरली म्हणजे शेडमधलं सगळ्यात जुनं यंत्र. तिला माहेरचं नाव नव्हतं. ती कोपऱ्यात गोणपाटाखाली असायची, मामा तिला रोज पुसायचे, पण माझ्यासमोर कधी सुरू करत नसत.

थोरलीची गोष्ट मला कळली ती एका भांडणामुळे. भांडण अर्थात मी केलं.

दाभोशाला आमच्या बँकेचा खाती उघडायचा मेळावा होता. परतताना वळवाच्या वाऱ्यानं जामसरच्या अलीकडे वाळलेला शिरीष रस्त्यावर आडवा पडलेला. दोन्ही बाजूंना जीपगाड्या, टेम्पो, लग्नाचं वऱ्हाड, सगळं अडकलेलं. कुणीतरी मामांना निरोप धाडला होता. ते टेम्पोतून आले, सोबत नाशिककरीण, आणि चक्क कमरेला फडक्यात बांधलेली साखळी. पडलेल्या झाडासाठी मामी साखळी देते, हे मला त्या दिवशी समजलं. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. मामांनी दोरी ओढली, यंत्र सुरू झालं, रानभर आवाज घुमला. पातं उघडंच, साखळी लावलेली नाही. थोडा वेळ गरजू दिलं आणि बंद केलं. मग झाडाच्या बुंध्यावर बसले, शेताकडून येणाऱ्या पायवाटेकडे तोंड करून, आणि तंबाखू मळायला लागले.

लोक हॉर्न वाजवू लागले. वऱ्हाडातला एक मामा आमच्या मामांवर हिंदीतून ओरडला. मी जीपमधून उतरून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, उजव्या बाजूनं, आणि म्हटलं, अहो झाड पडलेलंच आहे, आता कसली वाट बघताय? त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "घाई कुणाला हाय, बाय? तुला का झाडाला?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. बस चुकली, वीज गेली, माझी बढती अडली, सगळ्याला ते हेच म्हणत. त्या दिवशी मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीही आलं नाही. येणार तरी कोण होतं? बराच वेळ गेल्यावर मामा उठले, साखळी चढवली आणि बघता बघता त्या शिरीषाचे ओंडके करून रस्ता मोकळा केला. मी घरी गेल्यावर मामीजवळ जाऊन तावातावानं सगळं सांगितलं. मला वाटलं, ती तरी हसेल. ती हसली नाही. हातातलं सूप खाली ठेवून तिनं मला बसायला सांगितलं.

मामा तेव्हा ठेकेदाराकडे होते, मिसरूड फुटलेले. पोशेऱ्याच्या डोंगरात मामीच्या वडिलांनी बांधावरचे साग ठेकेदाराला दिले होते. तोवर त्या भागात झाडं कुऱ्हाडीनं पडायची. कुऱ्हाडीचा आवाज डोंगरात लांबवर जातो आणि झाड पडायला अर्धा दिवस लागतो. त्यामुळे कुणाचं झाड चुकून धरलं गेलं, तर रानात, शेतात, ओढ्यावर असलेलं माणूस आवाज ऐकून धावत यायचं आणि म्हणायचं, हे नाही, हे माझं. मग कुऱ्हाड थांबायची. ह्याला कुणी नियम म्हणत नव्हतं, पण सगळी झाडं त्याच्यावर टिकून होती. त्या साली ठेकेदारानं पहिल्यांदा यंत्र आणलं, ही थोरली, आणि अंगात ताकद म्हणून ती मामांच्या हातात दिली. बांधावर सागांच्या रांगेत एक मोह होता. दरवर्षी फुलं वेचायला त्याच्याखाली जागा झाडून ठेवायचं काम मामीचं, म्हणून घरात सगळे त्याला हिचा मोह म्हणायचे. ठेकेदाराच्या माणसानं हात करून ही रांग असं दाखवलं. मामांनी रांग धरली.

मामी ओढ्यावर होती. आवाज ऐकला आणि ती धावत सुटली. "असली ओरडले, असली ओरडले," ती मला म्हणाली, त्याच तिच्या हळू आवाजात, "का माझा गळा फाटला. कापू नको, कापू नको. ह्याच्या कानाशी ती मशीन. ह्याला काय ऐकू येतंय?" ती पोचली तेव्हा मोह जमिनीवर होता आणि फांद्यांना कळ्या होत्या.

गावानं मामांना शिक्षा दिली ती अशी, की खुंटाला फुटवा येईल तो शेळ्यांपासून राखायचा. मामांनी खुंटाभोवती दगड रचले, काट्यांचं कुंपण केलं, ठेकेदाराचा तळ हलला तरी दर आठवड्याला डोंगर चढून कुंपण बघायला येत राहिले. ठेकेदाराचं यंत्र पुढे आतून आवळून बंद पडलं आणि तो ते फेकायला निघाला, तेव्हा मामांनी ते मागून घेतलं. फुटव्याला चांगली उंची आली त्या वर्षी त्यांनी मामीला मागणी घातली. मामीनं एकच अट घातली. मशीन तुझी, साखळी माझ्याकडे.

तेव्हापासून मामा कुठलंही लाकूड कापताना आधी नुसतं इंजिन वाजवतात आणि थांबतात. कुऱ्हाडीची पहिली खाच खोल जायला जेवढा वेळ लागला असता तेवढा. कुणाला यायचं असेल तर यावं म्हणून. कान गेल्यापासून ओरडणं ऐकू येईल याचा भरवसा नाही, म्हणून वाटेकडे तोंड करून बसतात. भर रस्त्यात ज्या माणसावर मी ओरडले होते त्याचा मला फार अभिमान वाटत होता.

मी जव्हारला होते त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात पोशेऱ्याहून मामीचा धाकटा भाऊ आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलून शेवटी मोहावर आला. जुन्या खुंटातून फुटलेला तो मोह आता मोठा वृक्ष झाला होता, पण खालचा खुंट आतून कुजत गेलेला. मागच्या पावसात उताराकडची मुळं उघडी पडली होती आणि सगळं झाड भावाच्या घरावर झुकलं होतं. अर्धं वाळलेलं, अर्धं अजून फुलत होतं. घरात भावाची सून आणि तान्हं लेकरू. पहिला जोराचा वारा आला तर झाड कौलांवर येणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. भावानं परवानग्या काढून ठेवल्या होत्या. मोखाड्याला नवा कटर असलेला एक माणूसही बघितला होता. पण आधी दाजींना विचारावं म्हणून तो आला होता.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "कापाय लागंल."

मामी दारात उभी होती. "एकदा कापलास," ती म्हणाली आणि आत गेली. आतून खाटेखालचा डबा ओढल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून ती मामांशी बोलेना. डबा खाटेखालून नाहीसा झाला. निरोपांची ने-आण माझ्याकडे आली. त्याला सांग चहा झालाय. तिला सांग मीठ कमी हाय. दोघं एकाच ओसरीवर बसलेले आणि मी मध्ये पोस्टासारखी. मी मामांना म्हटलं, कुठल्याही दुकानात साखळी मिळते, नाहीतर त्या मोखाड्याच्या माणसाला बोलवू दे, तुम्ही कशाला यात पडता? "पायजे ती दुकानात नाय मिळत," मामा म्हणाले. ते रागावले नव्हते. पण त्या आठवड्यात त्यांनी एकही यंत्र सुरू केलं नाही, आणि पितळी पेला रिकामाच पालथा पडून होता.

भावाला त्यांनी रविवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं. रविवारी सकाळी त्यांनी थोरलीला गोणपाटात गुंडाळलं, पेट्रोलचा कॅन माझ्या हातात दिला आणि आम्ही निघालो. मामी अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मामांनीही साखळी मागितली नाही. जीपमध्ये मी विचारलं, साखळी नाही, मग कापणार कशानं? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, बघू.

पोशेऱ्याला पोचलो तेव्हा भावानं सगळी तयारी केली होती. गावातले गडी जाड दोर घेऊन उभे, झाडाच्या वरच्या अंगाला दोर बांधून ते घरापासून उलटीकडे ओढायचं ठरलेलं. घरातली माणसं, भांडी, कोंबड्या सगळं बाहेर काढलेलं. सून झाडापासून लांब, लेकराला पदराखाली घेऊन बसलेली. मी पहिल्यांदाच तो मोह बघत होते. खालच्या अंगाला अजून मामांनी रचलेल्या दगडांची रांग होती, अर्धी मातीत गेलेली. वरच्या फांद्या वाळून पांढऱ्या पडल्या होत्या आणि एका अंगाला पिवळसर फुलं जमिनीवर सांडत होती. वारा आला की झाड कण् कण् आवाज करायचं आणि सगळ्यांच्या माना वर जायच्या.

मामांनी गोणपाट सोडलं. भावानं यंत्र बघितलं, उघडं पातं बघितलं आणि कपाळावर हात मारला. तो बाजूला जाऊन मोखाड्याच्या माणसाला फोन करू लागला. मामांनी थोरलीला दगडावर ठेवलं आणि दोरी ओढली. ती दोन-चारदा खोकली आणि मग अशी गरजली की मला माझ्या पहिल्या सकाळची आठवण झाली. आवाज दरीत उतरला, समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. त्यांनी तिला थोडा वेळ बोलू दिलं, बंद केलं, आणि वाटेकडे तोंड करून दगडावर बसले.

मोखाड्याचा माणूस मोटारसायकलवरून आला. नवाकोरा नारिंगी कटर, साखळी लावलेली, डोळ्यांना चष्मा. तो थेट झाडाकडे निघाला. मामांनी त्याच्या आडवा हात केला आणि त्याला आपल्या शेजारी बसवलं. "बस, दादा. घाई कुणाला हाय? तुला का झाडाला?" भाऊ म्हणाला, दाजी, घाई मला आहे, माझं घर आहे खाली. मामा म्हणाले, हो, तुला आहे, तुझं बरोबर आहे. आणि तरी बसून राहिले. त्यांची नजर वाटेवरून हलत नव्हती. ते बघून भाऊसुद्धा त्याच वाटेकडे बघू लागला. मला तेव्हा त्यांची भीती स्वच्छ दिसली. मामी यायची नाही, आणि मग एकतर त्यांना तिच्यामागे दुसऱ्यांदा तेच करावं लागेल, नाहीतर ते पोर त्या कौलांखाली निजेल.

त्यांनी पुन्हा थोरली सुरू केली, पुन्हा बंद केली. पेट्रोल संपत आलं होतं.

मग वाटेवर मामी दिसली. मागच्या जीपनं आली असावी. ऊन चांगलंच तापलं होतं आणि ती कापडी पिशवी छातीशी धरून चढ चढत होती, थांबत होती, पुन्हा चढत होती. मामा उठून उभे राहिले, पण पुढे गेले नाहीत. ती आली, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता मोहाकडे गेली, बुंध्यावर तळवा टेकवला, कुजलेल्या खुंटाच्या पोकळीत वाकून पाहिलं. लेकरू घेऊन बसलेल्या भाचेसुनेकडे पाहिलं. मग खाली बसून तिनं फुलं वेचायला सुरुवात केली. एकेक फूल, न तुडवलेलं, पदरात. मोखाड्याच्या माणसानं चष्मा काढून खिशात ठेवला.

पदर भरल्यावर तिनं तो खोचला आणि मामांच्या शेजारी येऊन उभी राहिली. पिशवीतून साखळी काढली. मोहाचं तेल ठिपकत होतं. तिनं ती थोरलीच्या पात्यावर ठेवली.

"काप," ती म्हणाली.

"काय?" मामांनी विचारलं.

"काप म्हणते."

"ऐकू नाय येत."

मामीनं एकदा मोहाकडे बघितलं, श्वास भरून घेतला आणि ओरडली, "काप!" जिचं बोलणं ऐकायला आम्ही पुढे झुकायचो त्या बाईचा तो आवाज. दरीपलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. दोर धरलेले गडी दचकले. पोशेऱ्याच्या ह्याच बांधावर हाच गळा एकदा ओरडून ओरडून फाटला होता आणि कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसलीही नाही.

मामांनी मान डोलावली, साखळी चढवली. मामीनं कमरेएवढा हात करून सांगितलं की एवढा बुंधा ठेवायचा, खाली हात लावायचा नाही. झाड वरच्या बाजूला पडलं, कौलांना फांदीही लागली नाही. त्यानंतर मामांनी त्या बुंध्याभोवतीचे जुने दगड मातीतून काढून पुन्हा रचले आणि मामी त्यांना दगड देत राहिली.

परतताना जीपमध्ये मामी फुलांची पिशवी मांडीवर घेऊन झोपी गेली होती, डोकं मामांच्या खांद्यावर. मी पलीकडून वाकले आणि हळूच म्हटलं, मामा, एक विचारू? मामी तर तुमच्या उजव्या बाजूला उभी होती. पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच तुम्हाला ऐकू आलं असणार.

मामांनी माझ्याकडे बघितलं, मामीची झोप मोडणार नाही अशा बेतानं मान वळवली आणि डावा कान माझ्याकडे केला.